घाटावरचं दूध

भैरवनाथाच्या देवळामागं बैलगाड्यांचा घाट होता. मातीची लांब पट्टी, खालून वर चढत गेलेली. दोन्ही अंगांना दगडी बांध, खाली गाडे जुंपायची जागा आणि वर निशाण. शर्यतीचा दिवस सोडला तर तिथं शेळ्या चरायच्या. चाकणच्या कंपन्यांनी गावाला तीन बाजूंनी कुंपणं घातली, रानं गेली, रस्त्याच्या कडेला ट्रेलरच्या रांगा लागल्या. पण घाटाला कुणी हात लावला नाही. देवाची जागा. गणराज ज्या कॉलेजात कोच होता त्याला स्वतःचं मैदान नव्हतं, म्हणून तो आपली पोरं पळवायला इथंच आणायचा.

त्या दिवशी सकाळी एकटी मिनलच होती. विद्यापीठाच्या धावण्याच्या संघाची निवड तीन दिवसांवर आली होती आणि कॉलेजातून तेवढी एकच पोरगी तिथवर पोचली होती.

"खांदे सोड! मुठी कशाला आवळतीस? कुणाला मारायचंय?" गणराज बांधाच्या पलीकडच्या पायवाटेनं मोटारसायकल दामटत ओरडत होता. "आता दाब! दाब म्हणतो ना!"

मिनलनं दाबलं. तिच्या बुटांखालची माती मागं उडाली. निशाणाच्या दगडापाशी ती पोचली तेव्हा गणराजची मोटारसायकल अजून खालीच खड्ड्यात धडधडत होती. त्यानं हातातल्या घड्याळाकडं बघितलं, मग पुन्हा बघितलं. दिवाळीच्या सुट्टीपासून पोरगी दर आठवड्याला स्वतःलाच मागं टाकत होती. एवढी सुधारणा त्यानं कुठल्याच पोरात बघितली नव्हती. हे आपलं काम, आपण चढावर पळवलं त्याचं फळ, असं त्याच्या मनात आलं आणि छाती भरून आली.

वर दगडावर दत्तोबा बसला होता. गणराजचा बाप, मिनलचा आजा. डोक्याला फेटा, मांडीवर पितळी तांब्या, तांब्यावर फडकं.

"काय गं, पाखरू हायेस का काय?" दत्तोबा हसला. "ह्ये घे. एका दमात पी."

मिनलनं दूध एका दमात प्यायलं. ओठ पुसले आणि म्हणाली, "मामा, किती आलं?"

"घाटावर मामा नाही."

"सर, किती आलं?"

"चांगलं आलं."

"गण्याला चांगलं म्हणायला बी जड जातं बघ," दत्तोबा म्हणाला. "बैलानं अशी बारी मारली असती तर अख्ख्या गावानं भंडारा उधळला असता!"

मिनल गणराजच्या बहिणीची, रुपालीची मुलगी. रुपाली लग्न होऊन मारुंजीला गेली होती. तिथं त्यांनी रानात खोल्या बांधून आयटीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या होत्या. पळायला तिथं बोटभर मोकळी जागा उरली नव्हती, म्हणून पोरगी बारावी झाल्यावर आजोळी राहायला आली. आली तेव्हा वेणीला रिबीन बांधून पळायची आणि आजीच्या हातची भाकरी चार-चार खायची.

गणराजच्या मोटारसायकलला कारण होतं. कोच झाल्यापासून तो पोरांबरोबर एकदाही पळाला नव्हता. गावातल्या माणसांना त्याचं कारण ठाऊक होतं आणि त्याच्यासमोर ते कुणी काढत नसे.

लहानपणी गणराज याच घाटाच्या वर उभा असायचा. गाडा निशाण ओलांडून गेला की उधळलेले बैल धरायला जी पोरं पळायची, त्यात तो सगळ्यांत पुढं. पुढं कोर्टानं शर्यती बंद केल्या. दत्तोबाची बैलं गोठ्यात नुसतीच उभी राहिली आणि त्याच सुमारास गणराज पळण्यात जिल्ह्यात पहिला आला. दत्तोबाचा जीव बैलांवरून उठून पोरावर जाऊन बसला. बैलांचा खुराक पोराला सुरू झाला. दूध, अंडी, खारीक, उडदाची डाळ. पुण्याच्या एका मोठ्या मॅरेथॉनमध्ये गणराज तिसरा आला तेव्हा दत्तोबानं त्याला वेशीपासून घरापर्यंत खांद्यावरून आणलं. एका कंपनीनं बोलावून स्टोअरमध्ये कामाला घेतलं. काम नावाला; छातीवर कंपनीचं नाव लावून पळायचं.

पुढच्या वर्षी त्याच मॅरेथॉनमध्ये तो सगळ्यांच्या पुढं असताना, शेवटचा थोडका पल्ला राहिला असताना, रस्त्यावर पालथा पडला. छातीत काहीतरी सुटलेल्या जनावरासारखं धडकत होतं. लोकांनी उचलून सावलीत ठेवला तेव्हा त्याचे दात वाजत होते. त्यानंतर धावायला उभा राहिला की छातीवर हात जायचा. कंपनीनं आधी मशिनच्या लाइनवर घातला, मग मुदत संपली म्हणून घरी पाठवला. "दमच नव्हता त्याच्यात," असं पारावर कुणीतरी म्हणालं. गणराजनं ते ऐकलं आणि मानलं. मग त्यानं कोचिंगचा कोर्स केला आणि तासिकेवर कॉलेजात लागला. लग्नाची स्थळं यायची, "पर्मनंट आहे का?" विचारून परत जायची. कॉलेजच्या जिन्यात मात्र तो तिसरा आला त्या दिवसाचा फोटो लावलेला होता. गळ्यात पदक घालून, हात वर करून. पोरं येता-जाता बघायची आणि तोही चोरून बघायचा. आपल्यात एक दिवस तरी दम होता, याचा तेवढाच पुरावा.

घाट उतरताना प्राचार्यांचा फोन आला. "गणराज, फ्लेक्स छापायला टाकलाय. मिनलचा फोटो मोठा, तुमचा शेजारी. घात करू नका."

"पोरगी निवडून येणार सर," गणराज म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच नवीन वाटला.

घरी आल्यावर मिनल जेवायला बसली आणि भाकरीचा एक तुकडा मोडून तसाच ताटात ठेवून उठली. माठावर गेली. एक तांब्या प्यायली, दुसरा प्यायली, तिसरा ओंजळीनंच.

"पोटात पान्याला जागा हाय आन् भाकरीला न्हाई व्हय?" गणराजची आई यशोदाबाई म्हणाली. "गण्या, ह्या पोरीकडं बघ जरा. रातभर कूस बदलती. काल कूस बदलताना माझ्या अंगावर हात पडला. केवढा धडधडत हुता हात! हात कुठं धडधडतो का रं?"

"शर्यत जवळ आलीय आजी," मिनल हसून म्हणाली. "टेन्शन आहे."

ती दारात उभी होती. पाय फाकून, मान पुढं काढून. बसावंसं वाटत नव्हतं तिला. जबड्याखालचं कातडं मधूनच थरथरत होतं, माशी बसल्यावर जनावराचं थरथरतं तसं. डोळ्यांचे कोपरे लाल.

गणराजचा हात भाकरीवरच थांबला. हे उभं राहणं त्यानं बघितलेलं होतं. चिमण्या असाच उभा राहतो. दत्तोबाचा बैल, शर्यती पुन्हा सुरू झाल्यावर घेतलेला. शर्यतीत बारी मारून आला की बसत नाही, वैरणीला तोंड लावत नाही, रवंथ करत नाही, नुसतं पाणी ओढतो आणि खांद्यावरचं कातडं थरथरवत उभा राहतो. सगळेच तेज बैल असे, म्हणून लहानपणापासून कधी प्रश्न पडला नव्हता.

 संध्याकाळी दुधाच्या वेळेला गणराज गोठ्याच्या मागच्या बाजूनं गेला आणि कुडाच्या फटीतून बघत उभा राहिला. स्वतःच्या बापाच्या गोठ्यात चोरासारखं उभं राहण्याची त्याला लाज वाटत होती. चिमण्या घमेल्यात तोंड घालून खात होता. दत्तोबानं धार काढलेलं दूध तांब्यात ओतलं. मग वळचणीला हात घालून कागदाची पुडी काढली. चिमूटभर घमेल्यात टाकलं. नखाएवढं तांब्यात टाकलं, बोटानं ढवळलं, बोट धोतराला पुसलं. अगदी मायेनं, जणू पोरीला साखर घालतोय.

गणराज आत शिरला. "काय आहे ते?"

दत्तोबा दचकला नाही. "खुराक हाय."

"पुडीत काय आहे?"

"त्यो घाटाघाटावर येतो न्हाई का पुडीवाला, त्याची हाय. दम वाढतो. सगळेच गाडेवाले देत्यात."

"बैलाला देतात! मिनल काय बैल आहे?"

"अरं, बैलाच्या शंभराव्या हिश्श्याएवढी बी न्हाई दिली. एवढी, एवढी." दत्तोबानं नखाचं टोक दाखवलं. "वराडू नगंस, बैल बुजतो."

गणराजनं तांब्या हिसकला. दूध दोघांच्या पायांवर सांडलं. चिमण्यानं खुंट्याला हिसका दिला. आवाज ऐकून मिनल आणि मागोमाग यशोदाबाई गोठ्याच्या दारात आल्या.

"काय झालं?" मिनलनं विचारलं.

"दिवाळीपासून तुझ्या दुधात बैलाची पुडी पडतीय," गणराज म्हणाला. "तुला माहीत होतं?"

मिनलनं सांडलेल्या दुधाकडं बघितलं, मग आज्याकडं. "आजोबा?"

दत्तोबाला आता राग आला. चारचौघांत चोर ठरवल्यासारखं झालं होतं. "काय इख पाजलं का काय मी पोरीला? माझं रगत हाय ती! पुडीनं काय हुतंय? ह्यो गण्या मेला का? ह्याला बी देत हुतो की मी! त्या साली तिसरा आला, तवा कशाच्या जोरावर आला? आन् पुढच्या साली तर दुप्पट दिली हुती, पयला यावा म्हनून!"

बोलून झालं आणि तो थांबला.  दत्तोबानं ही गोष्ट पुरावा म्हणून सांगितली होती. पण त्याचंच शेवटचं वाक्य त्याच्याकडं परत फिरून आलं असावं, कारण त्याचा उचललेला हात हळूहळू खाली आला. पुढच्या साली काय झालं होतं ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

यशोदाबाईनं तोंडाला पदर लावला. "पडला त्या सालीच का वो?" ती एवढंच म्हणाली.

गणराज गोठ्याबाहेर आला. अंगणातल्या दगडावर बसला. रस्त्यानं कंपनीची बस गेली, शिफ्ट सुटलेली माणसं खिडक्यांना डोकी टेकून पेंगत होती. त्याच्या डोळ्यांपुढं तो जिन्यातला फोटो आला. गळ्यात पदक, हात वर. त्या हातांत जोर कुणाचा होता? आणि रस्त्यावर पालथा पडलेला, तो तरी कोण होता? इतकी वर्षं ज्या दोन दिवसांच्या मध्ये तो जगत होता, ते दोन्ही दिवस बापानं एका तांब्यात कालवून ठेवले होते. बापाला जाऊन मारावं असं त्याला वाटलं. नंतर वाटलं, जाऊन त्याच्याच मांडीवर डोकं ठेवावं. यातलं काहीच न करता तो बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी तो मिनलला घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टर प्राजक्ता मॅडमनी तिच्या छातीला वायरी लावून पट्टी काढली आणि बराच वेळ बघितली.

"यात काय काय असेल सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण दमलेल्या हृदयाला चाबूक मारून पळवायचंच काम ते करतं. पुडी बंद. आणि पळणंही सध्या बंद."

"परवा निवड आहे मॅडम," मिनल म्हणाली.

"परवा उन्हात लांब पळताना कोसळलीस तर उठशीलच असं मी लिहून देणार नाही." मग त्या गणराजकडं वळल्या. "तुम्ही का असे घामाघूम? झोपा, तुमचीही काढू."

"मला काय झालंय?" गणराज म्हणाला आणि शर्टाची बटणं धरूनच बाहेर आला.

 घरी आल्यावर मिनल अंगणात मोटारसायकलवरून उतरली आणि म्हणाली, "मी पळणार. आजपासून पुडी नाही, दूधसुद्धा नाही. पण परवा पळणार."

"नाही."

"दोन वर्षं सकाळी उठून चढ चढले ते काय पुडीनं चढले? ती तर आत्ता दिवाळीला आली. त्याआधी कॉलेजात पहिली कोण आली?"

"तू आलीस."

"मग?"

"तुझ्या अंगात अजून ते आहे."

"तुमच्या मनात आहे ते!" मिनलचा आवाज चढला. "तुमची शर्यत खोटी निघाली म्हणून तुम्ही माझी बंद करताय. जळताय तुम्ही मामा."

गणराजला ते सुरीसारखं लागलं, कारण त्यात थोडं खरं आहे की काय, हे त्यालाच कळत नव्हतं. प्राचार्यांना फोन केला तर ते म्हणाले, "आजारी-बिजारी ठीक आहे हो, गोळी द्या आणि उभी करा. फ्लेक्स चौकात लागलाय. आणि तुमचंही यंदा बघायचंय ना, पुढच्या वर्षी घ्यायचं की नाही?"

निवडीच्या दिवशी गणराज उठला तेव्हा मिनलचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं.

"चूल पेटवायच्या आदीच गेली," यशोदाबाई म्हणाली. "मला वाटलं परसाकडं गेली. बूट बी न्हाईत बघ."

दत्तोबा ओट्यावर बसला होता. गोठ्यातल्या त्या संध्याकाळपासून तो कुणाशी बोलला नव्हता आणि त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. तो उठून उभा राहिला. "गण्या," त्यानं हाक मारली. "जा, लेका. आडव तिला."

नाशिक रस्ता गच्च भरला होता. मोशीपर्यंत कंटेनर एकाला एक चिकटून उभे. गणराज कडेच्या मातीतून, खडीतून, गटाराच्या फरशांवरून मोटारसायकल काढत होता. "ए भावा, मरायचंय का?" एक ट्रेलरवाला वरून ओरडला. ऊन चढत होतं. हेल्मेटच्या आत घामाची धार डोळ्यांत उतरत होती आणि मिटल्या-उघडल्या डोळ्यांपुढं एकच दिसत होतं: तापलेला रस्ता, पालथं पडलेलं अंग. कधी ते अंग त्याचं असे, कधी मिनलचं.

मैदानावर तो पोचला तेव्हा पोरी रेषेकडं निघाल्या होत्या. मिनल मधोमध होती. छातीला पिनांनी नंबर लावलेला. तिनं त्याला बघितलं आणि मान फिरवली.

गणराज पंचांच्या टेबलापाशी गेला. धाप लागली होती. "मिनलचं नाव काढा सर. चाकणची. ती पळणार नाही."

पांढरी टोपी घातलेल्या पंचांनी वर बघितलं. "कारण?"

"आजारी आहे."

"आजारी? तुमच्यापेक्षा तरी बरी दिसतीय की!" शेजारी उभे असलेले दुसऱ्या कॉलेजांचे दोघे-तिघे कोच हसले.

मिनल रेषेवरून धावत आली. "सर, मी काही घेतलेलं नाही. आज नाही, काल नाही. घोटभर पाणी प्यायलेय फक्त." तिचे डोळे भरले होते. "मला बघू तर द्या ना, माझं किती आहे ते."

हा प्रश्न गणराजला स्वतःच्या आत ऐकू आला. याच प्रश्नावर तो तीन दिवस झोपला नव्हता. त्यानं तिचं मनगट धरलं. नाडी बोटांखाली उड्या मारत होती, मध्येच एक ठोका गिळत होती. ती भीतीची होती का पुडीची? पळाल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि पळून कळायचं तर ज्याला कळेल तो उरला पाहिजे. वर ऊन लखलखत होतं. पंच शिट्टी हातात घेऊन थांबले होते.

"पळू दे," एवढे दोन शब्द म्हणायचे होते. ते त्याच्या जिभेवर आले होते. बाप तांब्या पुढं करताना असाच मायेनं बघायचा, हे त्याला तेवढ्यात आठवलं.

"नाव काढा," गणराज म्हणाला.

शिट्टी वाजली. पोरी निघून गेल्या, धूळ तेवढी खाली बसायची राहिली. मिनलनं एकेक पीन काढली. नंबराचा कापडी तुकडा छातीवरून सोडवला आणि गणराजच्या शर्टावर आणून लावला. शेवटची पीन कातड्यात टोचली तरी तो हलला नाही.

"आता तुम्ही पळा," ती म्हणाली. "बघू तरी दम कुणात आहे."

सगळ्या कोचांसमोरून गणराज तो नंबर छातीवर घेऊनच मोटारसायकलपर्यंत चालत गेला.

प्राचार्यांनी चौकातला फ्लेक्स काढायला लावला आणि गणराजला केबिनमध्ये उभं ठेवून म्हणाले, "वर्षअखेरीला बघू." मिनल मारुंजीला निघून जाईल असं यशोदाबाईला वाटलं होतं. रुपाली न्यायलाही आली होती, बापाला नको-नको ते बोलली, पण मिनल गेली नाही. का थांबली, हे तिनं सांगितलं नाही. ती कॉलेजला जायची, यायची, भाकरी खायची. हळूहळू दोन खाऊ लागली. दुधाचा तांब्या दत्तोबा सवयीनं चुलीपाशी आणून ठेवायचा. ती त्याला हात लावायची नाही. गणराजही लावायचा नाही. संध्याकाळी यशोदाबाई ते दूध मुकाट्यानं विरजायची. घरात ताकच ताक झालं.

भैरवनाथाच्या घाटावर शर्यती भरल्या. दत्तोबानं चिमण्याला पुडीशिवाय जुंपला. खालून गाडा सुटला, बैलांना ओढ लावायला स्वाराची घोडी पुढं, भोंग्यावर आरोळी उठली; आणि चिमण्या अर्ध्या घाटानंतर ढिला पडला. जोडीचे बैल त्याला ओढतच वर घेऊन गेले.

"काय दत्तोबा, बैल म्हातारा झाला का मालक?" कुणीतरी बांधावरून ओरडलं. हशा पिकला. ज्याचे बैल चिमण्यासोबत जुंपले होते तो गाडेवाला तर तोंडावरच म्हणाला, "पुडी संपली का काय राव? आदी सांगायचं, आमी दिली असती. आमचं नाव घालवलंस."

 चिमण्याच्या पाठीवर हात टाकून दत्तोबा त्याला खाली घेऊन आला. भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं दोन्ही बाजूंनी बघत होती. गणराजनं ते लांबून बघितलं. गोठ्यात आल्यावर चिमण्या बसला. वैरण खाल्ली आणि डोळे मिटून रवंथ करू लागला. बारीच्या दिवशी बैल रवंथ करताना गणराज पहिल्यांदाच बघत होता.

दुसऱ्याच दिवशी तो प्राजक्ता मॅडमकडं गेला आणि शर्टाची बटणं काढून झोपला. "दमच नाही म्हणतात माझ्यात," तो छताकडं बघत म्हणाला. पट्टी बघून त्या म्हणाल्या, "ठणठणीत आहे की. कोण म्हणालं तुमच्यात दम नाही?"

गणराजनं शर्टाची बटणं लावली आणि ती पट्टी घडी करून खिशात ठेवली.

मिनलची पट्टी त्यानंतर बऱ्याच आठवड्यांनी नीट आली. मॅडमनी तिला हळूहळू पळायची मोकळीक दिली. थंडी अजून सरली नव्हती. कंपन्यांच्या पत्र्यांवरून धुकं ओघळत होतं. मिनल घाटाच्या पायथ्याशी बुटांच्या नाड्या बांधत बसली होती. गणराज आला. त्याची मोटारसायकल दिसत नव्हती.

"गाडी कुठंय, सर?"

"घरी."

मिनलनं त्याच्या पायांकडं बघितलं. कॉलेजच्या कपाटात पडलेले जुने बूट, टाचेला उसवलेले. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

दोघं निघाले. पहिल्या चढालाच गणराजच्या मांड्या भरून आल्या. मिनल पुढं गेली, तिची वेणी डावी-उजवी होत लांब जाऊ लागली. दिवाळीत पळायची तेवढी ती आता पळत नव्हती. खूपच मागं होती. पण खांदे सुटलेले होते, मुठी उघड्या होत्या. गणराजचा हात सवयीनं छातीकडं गेला. आत ठोका होता. जोरात होता, एकामागून एक होता, त्याचा होता. त्यानं हात खाली घेतला. घशाला कोरड पडली, पोटात कळ आली, दोनदा वाटलं थांबावं. बांधावरच्या शेळ्या मान वर करून त्याच्याकडं बघत राहिल्या. तो रांगल्यासारखा पळत राहिला आणि निशाणाच्या दगडापाशी जाऊन गुडघ्यांवर हात टेकून वाकला.

मिनल तिथं कधीची येऊन बसली होती. "किती आलं, सांगू?" तिनं विचारलं.

"नको."

"सांगतेच. लई वाईट आलंय, मामा."

ती हसली. घाटावर मामा म्हटलं म्हणून गणराज रागावला नाही. धापेतून त्यालाही हसू फुटलं, आणि हसता-हसता डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं घामाबरोबर पुसलं.

दगडाच्या आडोशाला कुणीतरी खाकरलं. दत्तोबा होता. किती वेळ तिथं उभा होता कुणास ठाऊक. मांडीवर असायचा तो तांब्या आता दोन्ही हातांत धरलेला होता. जवळ यायला तो धजत नव्हता. मिनलचं हसू थांबलं. गणराज सरळ झाला.

दत्तोबानं फडकं बाजूला केलं. तांब्या तोंडाला लावला. त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली झाली; एक घोट, दोन घोट, तीन. मिशीला साय लागली. ती तशीच ठेवून त्यानं तांब्या पुढं केला. तांब्यात दूध हिंदकळत होतं.

"उष्टं हाय," तो म्हणाला.

गणराजनं तांब्या घेतला. अर्धं दूध प्यायला आणि अर्धं मिनलसाठी ठेवलं.